एआरटी सुरू आहे, हातात पैसा कमी आहे: खायचं काय, किती आणि केव्हा?

एआरटी म्हणजे एचआयव्हीवरची रोजची औषधं. एआरटी केंद्रातून गोळ्या घेऊन निघताना बहुतेकांचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो: "पथ्य काय पाळू?" उत्तर "विशेष काही नाही" असं आलं, की ते पटत नाही. एवढा मोठा आजार आणि पथ्य नाही? मग आजाराचं नाव न सांगता घरात, शेजारी, कामावर विचारपूस होते आणि पथ्य आपोआप तयार होतं. अंडं उष्ण म्हणून बंद, दही-केळं थंड म्हणून बंद, वांगं-हरभरा वातूळ म्हणून बंद, शेंगदाण्यानं पित्त होतं म्हणून तेही बंद. ज्याच्या ताटात मुळात चारच जिन्नस येतात त्याचे तीन असे गेले, तर अंगाला लागणार काय?

कमी पैशात एआरटीवर असलेल्या माणसाला पथ्याची नव्हे, जास्त जेवणाची गरज असते, हेच या लेखात सांगायचं आहे. वेगळा आहार शोधायचा नाही. घरात जे शिजतं त्यातच मूठभर वाढवायचं, आणि जेवण चुकलं तरी गोळी चुकवायची नाही. हे औषध घेणाऱ्यांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी, आशाताईंसाठी आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी लिहिलं आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, कारण रेशनपासून संजय गांधी योजनेपर्यंतचे रस्ते राज्यागणिक बदलतात.

आधी काट्यावर उभं राहा

सरकारी दवाखान्यांत मोफत एआरटी एप्रिल २००४ मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या मोजक्या रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं. त्या काळी येणारा माणूस बहुतेकदा हाडांचा सापळा होऊनच यायचा. आज त्याच रांगेत दोन टोकांची माणसं असतात. उशिरा निदान झालेला, पस्तीस किलोचा तरुण असतो, आणि पंधरा वर्षं गोळ्या नीट घेतलेली, आता पोट सुटलेली, साखर वाढलेली मावशीही असते. दोघांना एकच सल्ला देणं चूक आहे. म्हणून पहिलं काम वजन.

केंद्रावर दर भेटीला वजन होतं. तो आकडा विचारून घ्या आणि घरच्या कॅलेंडरवर तारखेपुढे लिहा. उंची एकदा मोजून ठेवा. वजन किलोत घेऊन त्याला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागलं, की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा, निघतो. समजा एका बाईची उंची १.५८ मीटर आणि वजन ४१ किलो आहे. ४१ ला १.५८ नं दोनदा भागलं की १६.४ येतात. १८.५ च्या खाली म्हणजे वजन कमी, १७ च्या खाली म्हणजे काळजीचं, १६ च्या खाली म्हणजे गंभीर. या बाईला १८.५ गाठायला ४६ किलोंच्या वर जायला हवं, म्हणजे पाच किलो. ते एका महिन्यात होत नाही आणि व्हायची गरजही नाही. महिन्याला एखादा किलो वाढला तरी उत्तम.

गरोदर बाईत बीएमआय उपयोगाचा नाही, तिथे दंडाचा घेर मोजतात. तो २३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर जास्तीचा आहार लागतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा घेर अंगणवाडीतल्या पट्टीनं मोजतात. ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर मुलाला थेट दवाखान्यात न्यायचं.

वजन उतरतंय? आधी कारण शोधा, मग खायला घाला

हा क्रम फार महत्त्वाचा आहे आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. माणूस वाळायला लागला, की घरचे टॉनिकची बाटली आणतात, महिना-दोन महिने तिच्यावर काढतात. एआरटीवरच्या माणसाचं वजन विनाकारण उतरत असेल तर पहिला संशय क्षयाचा घ्यायचा. खोकला, ताप, रात्री घाम, वजनातली घट या चारांपैकी एक जरी असेल तरी तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. खोकला नसला तरीही. छातीबाहेरच्या क्षयात खोकला नसतो.

क्षय नसेल तर पुढचे प्रश्न असे: तोंडात पांढरा थर किंवा गिळताना दुखणं आहे का? जुलाब चालू आहेत का? गोळ्या खरोखर रोज घेतल्या जातात का? मन लागत नाही म्हणून जेवण सुटलंय का? आणि शेवटचा, जो केंद्रात घाईत राहून जातो: घरात धान्य आहे का? या प्रश्नाला रुग्ण सहसा "हो" म्हणतो. लाज वाटते. म्हणून तो वेगळ्या पद्धतीनं विचारावा. "काल दिवसभरात काय काय खाल्लंत, सकाळच्या चहापासून सांगा," असं विचारलं की खरं बाहेर येतं. दोन कप चहा, दुपारी भाकरी-ठेचा, रात्री भात आणि पातळ आमटी, असं ऐकलं तर निदान तिथेच झालं.

एक इशारा. बीएमआय १६ च्या खाली गेलेल्या, पायावर सूज आलेल्या किंवा कित्येक दिवस जवळपास उपाशी असलेल्या माणसाला प्रेमानं एकदम ताट भरून वाढू नका. उपाशी शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं, की रक्तातले क्षार झपाट्यानं खाली जातात आणि हृदयावर ताण येतो. अशा माणसाला दवाखान्याच्या देखरेखीत, थोडं थोडं, दिवसातून सहा-आठ वेळा देऊन वाढवत नेतात.

गोळी आणि घास यांची वेळ

सध्या बहुतेकांना टीएलडी ही एकच गोळी रोज असते. तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं आहेत. ही गोळी जेवून घ्या किंवा न जेवता घ्या, दोन्ही चालतं. घरात काही नसेल तर पाण्याबरोबर घ्या. "उपाशीपोटी गोळी गरम पडते" म्हणून डोस टाळणं हे भुकेपेक्षा जास्त नुकसान करतं. मळमळत असेल तर चार घास खाऊन घ्या. ठरलेली वेळ मात्र पाळा.

"रात्रीच झोपताना घ्यायची, तेलकट खाऊन घ्यायची नाही" हा नियम अजून अनेकांच्या डोक्यात आहे. तो आधीच्या, एफाव्हिरेंझ असलेल्या गोळीचा होता. तिनं चक्कर यायची आणि तुपकट जेवणाबरोबर ती जास्त चढायची. डोल्युटेग्राविरला तो नियम लागू नाही. उलट या गोळीनं काहींची झोप उडते, त्यांनी केंद्रात सांगून ती सकाळी घ्यावी.

खरं सांभाळायचं ते इथे. डोल्युटेग्राविरचं लोहाच्या गोळीशी, कॅल्शियमच्या गोळीशी आणि अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधाशी जमत नाही. लोह, कॅल्शियम आणि त्या पातळ औषधातलं मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियम पोटात तिला धरून ठेवतात आणि ती रक्तात कमी उतरते. म्हणून एआरटीची गोळी आधी, आणि ही औषधं तिच्यानंतर किमान २ तासांनी. आधी ही घेतली गेली असतील तर ६ तास थांबून एआरटी. लोह आणि कॅल्शियमला एक सवलत आहे: जेवणासोबत घेतलं तर तिन्ही एकत्र चालतात. अ‍ॅसिडिटीच्या औषधाला ती सवलत नाही. गरोदर बायकांना आरोग्य केंद्रातून लोह-कॅल्शियम रोज मिळतं आणि तिथे एआरटीचं कुणी विचारलेलं नसतं. त्यांच्यासाठी सोपी घडी अशी: एआरटी रात्री नऊला, लोह दुपारच्या जेवणानंतर, कॅल्शियम सकाळच्या न्याहारीनंतर. दूध, दही, नाचणी या खाण्यातल्या कॅल्शियमला घाबरायचं कारण नाही.

दुसऱ्या फळीची (पहिली लागू न पडल्यावर दिली जाणारी) औषधं चालू असतील, म्हणजे अ‍ॅटाझानाविर किंवा डारुनाविरसोबत रिटोनाविर, तर ती मात्र खाऊनच घ्यायची. झिडोव्ह्युडिन असलेल्या औषधानं काहींचं रक्त कमी होतं, त्यांनी हिमोग्लोबिनची तपासणी चुकवू नये. क्षयाची रिफाम्पिसिन असलेली औषधं सुरू झाली, तर डोल्युटेग्राविरची आणखी एक गोळी १२ तासांच्या अंतरानं लागते. क्षयावर इलाज करणारा आणि एआरटी देणारा, दोघांना एकमेकांचं औषध दाखवा. लसणाच्या कॅप्सूल, भस्मं, "प्रतिकारशक्ती वाढवणारे" काढे केंद्रात न विचारता सुरू करू नका. फोडणीतल्या लसणाला कुणाचीच हरकत नाही.

किती जास्त लागतं

जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ मध्ये सांगितलेलं माप अजून वापरात आहे. लक्षणं नसलेल्या मोठ्या माणसाला नेहमीपेक्षा १० टक्के जास्त उष्मांक (कॅलरी) लागतात. ताप, जंतुसंसर्ग किंवा वजनातली घट असेल, किंवा माणूस आजारातून उठत असेल, तर २० ते ३० टक्के जास्त. वजन उतरत असलेल्या मुलाला ५० ते १०० टक्के जास्त, म्हणजे जवळपास दुपटीपर्यंत. प्रथिनांचं एकूण उष्मांकातलं प्रमाण वाढवायची गरज नाही. जेवणच वाढलं की तीही वाढतात.

टक्के विसरा, ताटावर या. रोज २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाला १० टक्के म्हणजे २०० कॅलरी. मूठभर, म्हणजे ३५ ग्रॅम शेंगदाणे तेवढे देतात. किंवा एक मध्यम ज्वारीची भाकरी आणि वर चमचाभर तेल. आजारी माणसाला असं दोन-तीनदा लागेल, म्हणजे शेंगदाणेही, भाकरीही आणि संध्याकाळी वाटीभर घट्ट वरणही.

ताट कसं भरायचं

पैसा कमी असेल तर तो कुठे घालायचा याचा माझा क्रम असा आहे: आधी धान्य पुरेसं, मग तेल, मग डाळ-शेंगदाणे, मग अंडी, मग फळ. डब्यातली प्रोटीन पावडर या यादीत नाहीच. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिली म्हणून लोक काही शे रुपये मोजून ती आणतात आणि पुरवून पुरवून अर्धा चमचा घेतात. बाजारातल्या अनेक पावडरींच्या दोन चमच्यांत जेवढी प्रथिनं असतात, साधारण तेवढीच, म्हणजे ६ ग्रॅम, एका अंड्यात असतात. डब्याच्या पैशात कितीतरी आठवड्यांची अंडी येतात.

जीवनसत्त्वांच्या भारी गोळ्यांचंही तसंच. टांझानियात एआरटीवरच्या लोकांना जीवनसत्त्वांचे मोठे डोस देऊन पाहिले. २०१२ मध्ये निष्कर्ष आले, तर फायदा दिसला नाहीच, उलट यकृताचं एक एन्झाइम वाढलेलं आढळलं. रोजच्या गरजेएवढी साधी गोळी डॉक्टरांनी दिली तर घ्या, त्यापुढे नको.

तेलाला गरीब घरातही उगाच वाईट ठरवलं गेलं आहे. वजन कमी असलेल्या माणसाच्या भाकरीवर, वरणावर, पिठल्यावर एक चमचा जास्तीचं कच्चं तेल घाला. चमच्याला ४५ कॅलरी मिळतात आणि पोट जड होत नाही. भूक कमी असेल तेव्हा याच्याइतका स्वस्त उपाय नाही.

रेशनच्या तांदळाबद्दल एक सांगायलाच हवं. त्यात शंभर दाण्यांमागे एखादा वेगळा, जरासा फिकट दाणा दिसू शकतो. गावोगाव बायका तो "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून निवडून फेकतात. तो तांदळाच्याच पिठाचा असतो, त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेलं असतं. तो काढू नका. तांदूळ चार-चार पाण्यानं चोळून धुऊ नका आणि भाताची पेज ओतून देऊ नका. मीठ घालून तीच आजारी माणसाला द्या.

मराठवाडा-विदर्भात दारात सोयाबीनची पोती उभी असतात आणि घरात कुणी सोयाबीन खात नाही. दहा किलो गव्हामागे एक किलो सोयाबीन दळायला टाका. पण कच्चं दळू नका, ते पचत नाही आणि पोट बिघडवतं. उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं शिजू द्या, निथळून सावलीत कडकडीत वाळवा, मग गव्हात मिसळा. पोळीच्या चवीत फरक कळत नाही.

आता रोजच्या खिशात ठेवायची गोष्ट: भाजलेलं पीठ. दोन वाट्या ज्वारी किंवा नाचणी, एक वाटी फुटाण्याची डाळ, एक वाटी शेंगदाणे. ज्वारी-नाचणी मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा, शेंगदाणे भाजून सालं पाखडा, गार झाल्यावर एकत्र दळा. दाण्यांमुळे गिरणीत जातं चिकटतं, म्हणून ते घरीच कुटून मागाहून मिसळले तर बरं. दोन मुठी पीठ, सुपारीएवढे गुळाचे दोन खडे, आणि पाणी किंवा दूध. लाडू वळा किंवा कालवून खा. अडीचशेच्या आसपास कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रथिनं मिळतात, चूल पेटवावी लागत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी हा डबा गोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवावा. (जाण्याआधी केंद्रात सांगा. प्रकृती स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, आणि कारखान्याजवळचं केंद्रही कळतं.) पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच पीठ करा. शेंगदाण्याला कुबट वास, कडवटपणा किंवा हिरवट-काळी बुरशी दिसली, तर ते निवडून वापरू नका, सगळेच टाका. ती बुरशी यकृताला विष आहे.

शेतावर खुरपणीला जाणाऱ्या, त्या ४१ किलोच्या बाईचा दिवस असा बसवता येतो. सकाळी नुसत्या चहाऐवजी चहासोबत त्या पिठाचा एक लाडू. दहाला भाकरी, पिठलं किंवा मटकीची उसळ, वर कच्चं तेल आणि कांदा. दुपारी बांधावर शेंगदाणे-गूळ. जेवणात भाकरी, घट्ट आमटी, तांदुळजा किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी. संध्याकाळी परतल्यावर उकडलेलं अंडं. ते शक्य नसेल तर मूठभर फुटाणे. रात्री वरण-भात, कारळ्याची किंवा जवसाची चटणी, लिंबू, आणि नऊला गोळी. यात बाजारातून खास आणायचं असं काही नाही. कोकणात याच जागी सुकट, जवळा, बोंबील बसतात, आणि प्रथिनांच्या हिशेबात सुकी मासळी अंड्यालाही मागे टाकते. खारवलेली असेल तर धुऊन घ्या, रक्तदाब असेल तर कमी.

उपासांचं काय? वजन कमी असताना संकष्टी, गुरुवार, श्रावण सोमवार सोडावेत. ज्यांना सोडवत नाही त्यांनी राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची आमटी, भगर, दूध असं पोटभर खावं. त्या दिवशीही गोळी घ्यायचीच.

मिश्रीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. दिवसातून चार वेळा मिश्री लावणाऱ्या बायकांची भूक मरते, हिरड्या सोलपटतात, आणि आधीच नाजूक झालेल्या तोंडाला ते झेपत नाही. तंबाखू-गुटख्याचं तेच. दारूनं जेवण सुटतं, गोळीही सुटते.

तोंड आलं, मळमळ, जुलाब

तोंडात दह्यासारखा पांढरा थर असेल तर तो बुरशीचा संसर्ग असतो. त्याला औषध आहे, नुसत्या आहारानं तो जात नाही. औषध लागू पडेपर्यंत तिखट, आंबट, गरम बंद. गुरगुट्या भात आणि साधं वरण, केळं कुस्करून, दुधातली नाचणी, मऊ अंडा-भुर्जी, थंड दूध द्या. फार दुखत असेल तर पेल्यातून नळीनं. खाल्ल्यावर मिठाच्या पाण्यानं चूळ.

मळमळ होत असेल तर एकदम ताट पुढे ठेवू नका. दर दोन-तीन तासांनी चार घास. कोरडं आधी, म्हणजे कुरमुरे, फुटाणे, भाकरीचा कडक पापुद्रा. पाणी जेवताना नको, अर्ध्या तासानं.

जुलाबात जेवण बंद करायची पद्धत घातक आहे. ओआरएस सुरू करा आणि सोबत आंबील. दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ अर्ध्या वाटी ताकात रात्री भिजवून ठेवा. सकाळी दोन वाट्या पाणी उकळा, पिठाचं कालवण एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं ढवळा, नाहीतर गाठी होतात. पाच-सात मिनिटं शिजू द्या. रंग गडद होऊन उकळीचे बुडबुडे जड पडायला लागले, की झालं. मीठ, कोमट झाल्यावर थोडं ताक, जिरेपूड. तोंड आलेलं असेल तर ताकाऐवजी पाण्यात भिजवा. केळं, पेज, मेतकूट-भात चालतात. जुलाबात रक्त, खूप ताप, लघवी कमी होणं किंवा तीन दिवसांत आराम नाही, असं असेल तर दवाखाना.

पाणी उकळून प्या, जेवणाआधी हात साबणानं धुवा, अंडं पूर्ण उकडा, कच्चं दूध पिऊ नका, शिळं खायचं तर खदखदून गरम करा. सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) कमी असताना साधा जंतूही महिनाभर अंथरुणाला खिळवतो.

बाळंतीण आणि मुलं

आई नियमित एआरटी घेत असेल, तर सहा महिने फक्त अंगावरचं दूध. फक्त म्हणजे फक्त. बाळगुटी, मध, साखरेचं पाणी, गाईचं दूध यांतलं काही नको. वरच्या अन्नानं बाळाच्या आतड्याला इजा होते, आणि दूध व वरचं असं दोन्ही चालू असलं तर संसर्गाचा धोका वाढतो. पाचवीला सासूबाई मध चाटवायला पुढे येणार, हे गृहीत धरून आधीच "डॉक्टरांनी सहा महिने काही द्यायचं नाही असं सांगितलंय" एवढं वाक्य तयार ठेवा. हे सगळ्याच बाळांना लागू आहे, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. सहा महिन्यांनंतर वरचा आहार सुरू करा, पाजणं चालू ठेवा. किती महिने पाजायचं, ते बाळाच्या तपासण्या बघून केंद्र सांगतं. आईचा डोस चुकू नये, ही यातली मुख्य अट.

एआरटीवरच्या मुलांना पोट लहान आणि गरज मोठी असते. दिवसातून पाच-सहा वेळा द्या, प्रत्येक वाटीत चमचाभर तेल किंवा शेंगदाण्याचा कूट. अंगणवाडीचा आहार आणि शाळेतली खिचडी यांवर त्यांचा हक्क आहे. तिथे आजार सांगण्याची सक्ती नाही. एचआयव्ही व एड्स कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करणं आणि तिच्यावरून शाळेत, नोकरीत, दवाखान्यात भेदभाव करणं त्यानं बेकायदा ठरवलं आहे.

ज्यांचं वजन वाढतंय त्यांच्यासाठी

डोल्युटेग्राविरवर आल्यावर काहींचं वजन भराभर वाढतं. त्यातलं थोडं तब्येत सुधारल्याचं असतं, थोडं औषधाचं. बीएमआय २३ च्या पुढे गेला की वरचा जास्तीच्या तेल-गुळाचा सल्ला तुमच्यासाठी नाही. चहातली साखर अर्धी करा, भात कमी करून भाकरी-उसळ वाढवा, फरसाण-बिस्किटं बंद करा, रोज अर्धा तास चाला. औषध मात्र आपल्या मनानं बंद करू नका. साखरेसाठी मेटफॉर्मिन असेल तर एआरटी चालू असल्याचं त्या डॉक्टरांना सांगा. डोल्युटेग्राविरमुळे मेटफॉर्मिन रक्तात वाढतं, म्हणून दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाहीत.

रेशन, पैसे, कागद

रेशनकार्डवर आपलं नाव आहे का ते आधी बघा. नवरा वारल्यावर सासरच्यांनी नाव कमी केलं आणि माहेरच्या कार्डावर कधी चढलंच नाही, अशा बायका पुष्कळ आहेत. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य महिन्याला मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. दारिद्र्यरेषेखालच्या एचआयव्हीबाधितांच्या कुटुंबांना अंत्योदय यादीत प्राधान्य द्यावं, असं केंद्र सरकारनं २००९ मध्ये कळवलेलं आहे. तालुक्याचा इष्टांक (कार्डांचा ठरलेला कोटा) भरलेला असेल तर थांबावं लागतं, तरी तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी विचारणा हवेत विरते.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्ही दुर्धर आजारांत धरलेला आहे. महिन्याला १५०० रुपये, वय ६५ च्या आत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत. वैद्यकीय प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, आधार, बँक पासबुक लागतं. गावातल्या माणसाच्या हातून अर्ज द्यायला भीती वाटते, आणि ती रास्त आहे. प्रमाणपत्र बंद पाकिटात द्या, अर्ज शक्यतो थेट तहसील कार्यालयात स्वतः द्या, किंवा केंद्राच्या समुपदेशकाची किंवा संस्थेच्या कार्यकर्त्याची मदत घ्या.

क्षय असेल तर निक्षय पोषण योजनेचे पैसे उपचार चालू असेपर्यंत खात्यात येतात. २०१८ मध्ये महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर ते अडकतात, म्हणून उपचाराच्या पहिल्याच आठवड्यात बँकेत जाऊन या. पालक बाधित असलेल्या किंवा वारलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेत दर मुलामागे महिना २२५० रुपये आहेत, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. एसटीच्या प्रवास सवलतीबद्दलही केंद्रात विचारा. वाचलेलं भाडं म्हणजे तेवढी अंडी. काहीच सुचत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

संस्थांसाठी थोडं

अन्न दिल्यानं औषध नीट घेतलं जातं, हे झांबियातल्या लुसाकात धान्यवाटपाच्या पहिल्या प्रयोगांतच दिसलं होतं. तेव्हा किट द्या, जरूर द्या. फक्त केंद्राच्या दारात रांग लावून, बॅनर धरून, फोटो काढून देऊ नका. त्या एका फोटोनं गावातलं घर सुटतं. मी बघितलेल्या वाटपांत निम्म्या पिशव्यांत बिस्किटं, साखर आणि हेल्थ ड्रिंकची बाटली होती. त्याऐवजी तूरडाळ २ किलो, शेंगदाणे २ किलो, तेल १ लिटर, फुटाणे १ किलो, गूळ १ किलो द्या. कुटुंबात पाच माणसं असतील तर पाच माणसांपुरतं द्या, कारण आई स्वतःच्या नावाचे शेंगदाणे मुलांच्या ताटात घालणारच. पिशवी कोरी असू द्या, तिच्यावर संस्थेचंही नाव नको. वाटप गोळ्या नेण्याच्या तारखेलाच ठेवा, म्हणजे वेगळी मजुरी बुडत नाही, आणि काटा त्याच खोलीत असतो.